ॲम्प्लिफायरमधली सूं

हाळीकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करायचे. नांदेडचा मे महिना, अंगावरून घामाच्या धारा वाहतायत, आणि हा माणूस दारातून आत आला की खुर्चीकडं न जाता थेट बटणापाशी. घरची माणसं बघत राहायची. "दोन मिनिटं," सर म्हणायचे, "तुमचं घर कसं वाजतं ते ऐकू द्या." मग मान जराशी डावीकडं कलती करून उभे. फ्रिजची घरघर, न्हाणीतला गळका नळ, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची, सगळं टिपून घ्यायचे. नळाचा वायसर गेलाय, बदलून घ्या, असं काहीतरी सांगायचे आणि स्वतःच पंखा लावून निवांत बसायचे. पहिल्यांदा भेटणाऱ्याला ते विक्षिप्त वाटायचे. दुसऱ्यांदा भेटणाऱ्यालाही वाटायचे. आम्ही बाकीचे सवयीनं गप्प राहायला शिकलो होतो.

मी आणि सर एकाच शाळेत होतो. ते इतिहास शिकवायचे, मी गणित. घरंही एकाच गल्लीत, तरोडा नाक्याच्या अलीकडं. मध्ये फक्त दोन घरं. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर', आणि त्यांच्या बायकोला निर्मलावहिनी. त्यांना एकच मुलगी, शुभदा. ती लग्न होऊन लातूरला गेलेली. सर मूळचे उदगीरकडचे, त्यामुळं रागावले की मराठी सोडून कानडीत शिरायचे. ते काय म्हणाले हे वर्गात कुणाला कळायचं नाही, पण वर्ग शांत व्हायचा.

सरांना आवाजाचा सोस होता असं म्हटलं तर ते अपुरं होईल. वाईट आवाज त्यांना दुखायचा, दाढ दुखावी तसा. वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं उदगीरला. मंगलाष्टकांच्या वेळी माइक शिट्ट्या मारायला लागला. सर आधी मंडपवाल्याकडं गेले, त्याला म्हणाले, स्पीकरचं तोंड वळव. मंडपवाला म्हणाला, मामा, अक्षता टाका ना तुम्ही. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, आणि सर सरळ मंडपाबाहेर निघून गेले. जेवणाच्या पंगतीत सापडले नाहीत. शेवटी बसस्थानकावर एका बाकड्यावर बसलेले दिसले. वहिनींचा भाऊ त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. "यांच्या कानांपायी माझं माहेर तुटलं बाई," असं वहिनी हसत हसत सांगायच्या, पण त्या हसण्याखाली काय होतं ते बाईमाणसाला कळायचंच.

त्याच कानांनी एकदा सहावीचा वर्ग वाचवला. वर्गातला मधला पंखा 'कट् कट्' करतो, म्हणून सरांनी पोरांना बाहेर व्हरांड्यात बसवून शिकवायला सुरुवात केली. मुख्याध्यापक चिडले. पंखा सगळ्यांचाच वाजतो, तुमचा काय वेगळा? सर म्हणाले, "वाजणं वेगळं आणि कण्हणं वेगळं. हा कण्हतोय." स्टाफरूममध्ये आम्ही सगळे हसलो. पोरं व्हरांड्यातच बसत राहिली. एका शनिवारी पोरं व्हरांड्यात बसलेली असतानाच शिपाई वर्ग झाडायला गेला आणि धाडकन आवाज झाला. पंखा बाकांवर पडला होता. शिपाई दारातच होता म्हणून बचावला. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना चहा पाजला, पण सरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीनं तो पंखा सगळ्यांना ओरडून सांगत होता. आम्ही ऐकत नव्हतो एवढंच.

त्यांचा ॲम्प्लिफायर म्हणजे त्या घरातलं देवघर. सरांचे थोरले भाऊ आखातात नोकरीला होते, त्यांनी सुट्टीवर येताना आणलेला. जपानी, भरभक्कम, लाकडी खोक्यातला. समोरचं तोंड चांदीच्या रंगाचं, जाडजूड गोल बटणं, आणि काचेमागं दोन काटे. गाणं लागलं की निळसर उजेडात ते काटे गायकाच्या श्वासाबरोबर हलायचे. भाऊ नंतर लवकर गेले. सर त्या यंत्राला आठवड्यातून एकदा मऊ फडक्यानं पुसायचे आणि ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत.

रविवारी सकाळी त्यांच्याकडं ऐकायला जायचं. आम्ही दोघं-तिघंच असायचो. सर तबकडी कडेनं धरून काढायचे, सुई ठेवायचे आणि डोळे मिटायचे. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, चहाची कपबशी वाजवायची नाही. तोडी असो, मारवा असो, नाहीतर हैदराबादकडची एखादी जुनी कव्वाली असो, संपल्यावर ते एकच वाक्य बोलायचे. "ह्या तबलेवाल्याच्या बोटात अंगठी होती बघा." किंवा, "गाताना बाईंना सर्दी होती, पण त्यांनी ती रागात मुरवून टाकली." खरं-खोटं कोण जाणे. पण त्यांनी सांगितल्यावर पुढच्या वेळी मलाही ती अंगठी ऐकू यायची.

सर निवृत्त झाल्यानंतरच्या वैशाखात वळवाचं वादळ आलं. दुपारची वेळ होती. गल्लीच्या कोपऱ्यावरची कडुनिंबाची फांदी विजेच्या तारांवर पडली आणि न्यूट्रलची तार तुटली. असं झालं की घराघरांत नेहमीच्या जवळजवळ दुप्पट दाबानं वीज घुसते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब आधी पांढराफटक पेटला, मग फुटला. फ्रिजमधून धूर आला. गल्लीभर टीव्ही, कूलर, मिक्सर जळाले. लोक रस्त्यावर येऊन आरडाओरडा करत होते. सरांच्या घरातून मात्र कुणी बाहेर आलं नाही, म्हणून मी गेले.

सर ॲम्प्लिफायरसमोर जमिनीवर बसले होते. खोलीत जळक्या वार्निशचा उग्र वास भरला होता. तबकडी फिरायची थांबली होती, सुई अजून तिच्यावरच होती.

"चालू होता बाई," वहिनी दारातून हळूच म्हणाल्या. "बटण बंद करायला धावले हे, पण तेवढ्यात…"

सरांनी खोक्याला नाक लावून वास घेतला. "ट्रान्सफॉर्मर गेला नसेल," ते म्हणाले. "तो गेला असता तर वास निराळा आला असता." मग आमच्याकडं न बघता म्हणाले, "करू. करू नीट."

वजिराबादेत रफीकभाईंचं दुकान होतं. पूर्वी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. सर रिक्षात ॲम्प्लिफायर घालून त्यांच्याकडं गेले, सोबत मीही होते. रफीकभाईंच्या काउंटरवर आता मोबाईलच्या काचा आणि कव्हरं टांगलेली. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि झाकण परत लावलं.

"सर, इसकू अब मैं हात नै लगाता."

"का? तुम्हीच तर मागं याचं बटण बदलून दिलं होतं."

"वो टाइम अलग था, सर. अब पार्टां नै मिलते. और मेरेकू इत्ता बारीक दिखता बी नै." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रख दो घर में, शो के वास्ते अच्छा है."

सर रिक्षात बसल्यावर म्हणाले, "शोसाठी! माणूस मेला की फोटो लावतात, तसं."

तरुणपणी त्यांनी टपालानं रेडिओचा कोर्स केला होता, दोन-चार रेडिओ बांधलेही होते. त्या भांडवलावर त्यांनी काम सुरू केलं. हॉलमधलं जेवणाचं टेबल गेलं कामाला. त्यावर वर्तमानपत्रं अंथरली, मीटर आला, सोल्डरिंग आयर्न आलं, स्क्रू ठेवायला वहिनींच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या आल्या. हळद-तिखट वहिनींनी एका बशीत ओतून ठेवलं.

त्यांच्या कामात मला एकच गोष्ट समजायची, ती म्हणजे बल्ब. एका पाटावर त्यांनी जुन्या पद्धतीचा शंभराचा बल्ब बसवला होता आणि वीज आधी त्या बल्बातून जाऊन मग यंत्रात जायची. आत कुठं तारेला तार चिकटली असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होत होत विझतो. पहिल्या दिवशी बटण दाबल्याबरोबर बल्ब असा लख्ख पेटला की वहिनी मागं सरकल्या.

"रडतोय," सर म्हणाले. "रडू द्या. कुठं दुखतंय ते सांगेल."

आत काय काय गेलं होतं त्याचा शोध आषाढापर्यंत चालला. फ्यूज काळा पडला होता, मोठे कपॅसिटर फुगले होते, आणि डाव्या बाजूचे दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर जळून आत एकजीव झाले होते. त्या जातीचे ट्रान्झिस्टर आता बनतच नाहीत. शुभदानं मोबाईलवरून मागवून दिले. पाकीट आलं, सरांनी एक ट्रान्झिस्टर तळहातावर घेऊन जोखला आणि पक्कड घेऊन सरळ फोडला. आत तिळाएवढा एक कण होता.

"बघा बाई. ह्यात नखाएवढा तुकडा असायला पाहिजे. वरचं नाव तेवढं छापलंय, आत काही नाही." त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. "माणसं अशी का करतात हो?"

मग ते एकटेच रेल्वेनं हैदराबादला गेले. जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून कुठल्या तरी मोडक्या यंत्रातले खरे ट्रान्झिस्टर काढून आणले. उन्हानं चेहरा काळवंडला होता, पायाला फोड आले होते, पण घरात शिरताना शिट्टी वाजवत होते. वहिनी मला म्हणाल्या, "लई दिवसांनी शिट्टी ऐकली बाई यांची."

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. ॲम्प्लिफायर उघडाच टेबलावर होता. सरांनी बटण दाबलं. बल्ब पेटला, आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, त्याची तार लाल झाली, तांबूस झाली, विझली. सरांनी वहिनींचा हात धरला. माझ्यासमोर. त्या पिढीच्या नवऱ्यानं असं करावं याचं आम्हा दोघींनाही नवल वाटलं.

तबकडी लावली. तोडीच होती. पहिला स्वर आला आणि माझ्या अंगावर काटा आला. खोली भरून गेली. काटे हलायला लागले, वहिनींनी पदरानं डोळे पुसले. बाजू संपेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. मग मी सरांकडं पाहिलं. आता ते त्यांचं एक वाक्य बोलतील म्हणून थांबले.

सरांची मान डावीकडं कलली होती.

"सूं येतेय," ते म्हणाले.

"काय सर?"

"मागं कुठंतरी. बारीक. सूंऽऽ अशी. गाणं थांबलं की ऐका."

मी ऐकलं. गल्लीतून भाजीवाल्याची हाळी ऐकू आली, लांब गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा अस्पष्ट सूर आला. स्पीकरमधून काही येत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"तुमचे कान शाळेच्या घंटेनं गेलेत, बाई," सर हसून म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

त्या दिवसापासून त्यांनी त्या सूंचा पाठलाग सुरू केला.

आधी त्यांना वाटलं, जुने छोटे ट्रान्झिस्टर आवाज करत असतील, ते बदलले. मग बारीक रेझिस्टर बदलले. मग आतल्या तारा काढून नव्या, जाळी असलेल्या तारा टाकल्या. अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग केली. प्रत्येक वेळी बल्ब विझायचा, तबकडी लागायची, गाणं स्वच्छ वाजायचं, आणि गाणं थांबलं की सरांची मान कलायची. "आहे. अजून आहे." गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीत शुभदा मुलांना घेऊन आली आणि जेवायला टेबल नाही म्हणून सगळे खाली पंगतीला बसले. नातू काहीतरी विचारत होता, सर उत्तर देत नव्हते. "आजोबा कामात आहेत," शुभदा म्हणाली.

आम्ही सगळे असंच म्हणत होतो. दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला, तर सर कामात होते. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि डाळ करपली, तेव्हाही सर कामात होते. मी दारातून हाक मारायचे, ते वळायचे नाहीत, कामात होते. ज्या माणसानं पंख्याचं कण्हणं ऐकलं त्याला बेल ऐकू येत नसेल, हे कुणाच्या डोक्यात यावं?

"रात्री अंथरुणावर पडलो तरी येते हो ती," सर एकदा म्हणाले. "इतकी बसलीय कानात."

आम्ही हसलो.

त्यांचा चेहरा उतरत गेला. दाढी वाढली. रविवारचं ऐकणं बंद पडलं, कारण यंत्र कधी पूर्ण बांधलेलंच नसायचं. वहिनी एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "बाई, चांगलं वाजतंय ना ते? मला तर चांगलं वाटतंय. का मलाच काही कळत न्हाई?" मी म्हटलं, चांगलं वाजतंय. "मग सांगा ना त्यांना." मी सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं आणि नीट यात फरक असतो."

एवढ्या वेळा काढ-घाल केल्यावर आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवरची तांब्याची पट्टी सुटायला लागली. नखाएवढ्या रुंदीची ती पट्टी, पुन्हा पुन्हा तापवली की उखडून येते. संक्रांतीच्या आसपास डावी बाजू बंद पडली. सरांनी ती बारीक तारांनी सांधली. पुन्हा उखडली, पुन्हा सांधली. पाटीची अवस्था ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी झाली. समोरची काच, काटे, निळे दिवे सगळं काढून त्यांनी खिडकीत ठेवलं होतं. आता उजवी बाजू तेवढी वाजत होती आणि सर तिच्यातली सूं शोधत होते.

शिवरात्रीच्या आधीची गोष्ट. मी वाडगंभर दही मागायला गेले होते, दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी. सर टेबलावर वाकून बसले होते, कान स्पीकरच्या जाळीला टेकवलेला, डोळे मिटलेले. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. पुढं जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"बरं झालं आलात. इथं बसा. आज अगदी स्पष्ट येतेय." त्यांनी मला शेजारची खुर्ची दिली आणि आवाजाचं बटण हळूहळू फिरवलं. "आता कमी केलं. तरी तेवढीच. आता वाढवलं. तरी तेवढीच. म्हणजे दोष बटणाच्या पुढं आहे. आलं का लक्षात?" त्यांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी उमेद होती. "ऐका, ऐका. ही बघा. सूंऽऽ"

मी ऐकत होते आणि माझी नजर खाली गेली. ॲम्प्लिफायरची काळी वायर टेबलावरून खाली उतरली होती आणि तिचा प्लग फरशीवर पडला होता.

मी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या, हातात मिक्सरचं भांडं. शेंगदाण्याची चटणी करायची म्हणून त्यांनी तो प्लग काढून तिथं मिक्सर लावला होता. आम्हा दोघींची नजर एकमेकींना भिडली. वहिनींनी मान हलवली: नको. सांगू नका.

"येतेय ना?" सर म्हणाले.

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही लगेच बोलता येईना. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं, हे तर आणखीच क्रूर होतं.

"सर, प्लग काढलेला आहे."

"काय?"

मी बोट दाखवलं.

सरांनी खाली पाहिलं. खुर्चीवरून उतरले, गुडघ्यावर बसले, तो प्लग हातात घेतला. त्याच्या तिन्ही पितळी पिनांवरून अंगठा फिरवला. वर आले. ॲम्प्लिफायरवर हात ठेवला. तो थंडच असणार. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं दोन्ही कानांत घातली आणि डोळे मिटले. घट्ट. कपाळावरची शीर दिसत होती. असे ते बसून राहिले.

बोटं काढली तेव्हा म्हणाले, "आहेच की."

मग ते माझ्याकडं वळले. माझ्या चेहऱ्याकडं नाही, ओठांकडं बघत होते.

"बाई, श्रावणात आपण तोडी ऐकली. तेव्हा हा नीट झाला होता का हो?"

"हो, सर."

"सूं नव्हती?"

"नव्हती."

"पूर्ण नीट? दोन्ही बाजू?"

"दोन्ही."

त्यांनी टेबलावरच्या पाटीकडं पाहिलं. त्या ठिगळांकडं, उखडलेल्या पट्ट्यांकडं, वाट्यांमध्ये काढून ठेवलेल्या, एकेकाळी चांगल्या असलेल्या त्या बारक्या बारक्या वस्तूंकडं.

"मग मी हे काय करून राहिलो होतो?"

वहिनी आल्या, मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी खाली बसल्या. मी दही न घेताच घरी आले.

लातूरला कानाचे डॉक्टर होते. शुभदानं नंबर लावला. बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र चढवून तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबा, असं सांगितलं होतं. शुभदा मला फोनवर सांगत होती, "बाबा बटणावर अंगठा ठेवून बसले होते, मावशी. बाहेर पडद्यावर दिसत होतं, एकामागून एक आवाज सोडतायत. अंगठा हलतच नव्हता. आणि ते असे मन लावून ऐकत होते…" डॉक्टरांनी सांगितलं, हे बरेच दिवसांपासून होत असणार. गेलेलं परत येत नाही. कानातल्या आवाजावर औषध नाही. सवय करून घ्यायची.

मशीन घेतलं कानाचं. ते लावून सरांनी उजव्या बाजूवर एक तबकडी लावली आणि अर्ध्यातच सुई उचलली. "पत्र्यावर वाळू ओततंय कुणीतरी," म्हणाले. मशीन डबीत घालून ठेवलं. मला वाटलं होतं, आता ते त्या टेबलाकडं फिरकणार नाहीत. पण उन्हाळा लागता लागता त्यांनी पुन्हा काम सुरू केलं, ह्यावेळी फक्त डोळ्यांनी. मीटर लावायचे, आकडा बघायचे, पुढं सरकायचे. कान कशालाच टेकवायचे नाहीत. काटे जागेवर बसवले, दिवे बसवले, काच बसवली, झाकण लावलं. फडक्यानं पुसलं. मग मला बोलावलं.

"मीटरवर सगळं बरोबर येतंय. तुम्ही ऐकून सांगा. खोटं बोलू नका."

वहिनींनी तबकडी लावली. काटे हलले, दोन्ही. निळा उजेड पडला. उजव्या स्पीकरमधून गाणं आलं. डाव्यातून फाटका, चिरकलेला आवाज येत होता, मध्येच तुटत होता. सर माझ्या तोंडाकडं बघत होते.

"उजवा?"

मी मान डोलावली.

"डावा?"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली. नाही.

"फार वाईट?"

"हो, सर."

"हाव," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत." त्यांनी बटण बंद केलं. काटे खाली पडले. त्यानंतर त्यांनी ते झाकण उघडलं नाही.

त्यांचं येणं-जाणं थांबलं. रस्त्यात भेटले तर लांबूनच हात करायचे, जवळ यायचं टाळायचे. माणसं आधी मोठ्यानं बोलली, मग कंटाळली, मग नुसती हसायला लागली. सरही हसायचे. काय बोललं गेलं हे न कळता हसणाऱ्या माणसाचं हसू वेगळं दिसतं. एकदा मीच त्यांच्याकडं जाऊन बसले आणि पाटी-खडू घेऊन लिहून बोलू लागले. दोन-तीन वाक्यं झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि खाली लिहिलं, "बाई, दमायला होतं. नुसतं बसू." आम्ही नुसतं बसलो.

एका पहाटे वहिनी न्हाणीत घसरून पडल्या. हाका मारत राहिल्या. सर बाहेर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. शेजारच्यांनी ऐकून दार वाजवलं तेव्हा कुठं कळलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, बाकी काही नाही. पण शुभदा त्याच दिवशी आली आणि म्हणाली, आता इथं दोघांनी राहायचं नाही. सरांनी वाद घातला नाही. वहिनींच्या प्लॅस्टरकडं बघत बसले होते. "मी तिथंच होतो," एवढंच मला म्हणाले. "पाच पावलांवर."

घर भाड्यानं दिलं. बरंच सामान विकलं, तबकड्या शाळेला देतो म्हणाले. शाळेकडं त्या वाजवायला काही नव्हतं, तरी घेतल्या. लातूरला जायला छोटा टेम्पो ठरवला होता. पलंग, कपाट, भांड्यांची पोती मागं रचली. ॲम्प्लिफायर मागं ठेवू दिला नाही सरांनी. जुन्या चादरीत गुंडाळून तो मांडीवर घेतला आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. खिडकीकडं वहिनी, प्लॅस्टर गळ्यात अडकवलेलं. गल्लीतले चार-सहा लोक आम्ही उभे होतो. मी खिडकीतून वहिनींचा हात धरला. सरांनी माझ्याकडं बघून मान लववली.

ड्रायव्हर चढला. किल्ली फिरवली, आणि त्याबरोबर त्याचा टेप सुरू झाला. डोक्यावर बसवलेले दोन स्पीकर, दोन्ही फाटलेले. वरातीतलं कसलंसं गाणं सगळ्या ताकदीनं खरखरायला लागलं. ठेक्याच्या प्रत्येक दणक्याला टेम्पोची काच थरथरत होती. आम्ही बाहेर उभे होतो तरी कानांवर हात गेले. वहिनींनी घाईघाईनं ड्रायव्हरकडं चांगला हात पुढं केला, आवाज कमी कर म्हणून सांगायला. मग त्यांनी मध्ये बसलेल्या सरांकडं पाहिलं.

स्पीकर सरांच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. सर समोर रस्त्याकडं बघत शांत बसले होते, चादरीतल्या खोक्यावर दोन्ही हात ठेवून.

वहिनींनी हात मागं घेतला. टेम्पो तसाच वाजत वाजत गल्लीतून बाहेर पडला आणि लातूरकडच्या लोह्याच्या रस्त्याला लागण्यासाठी नाक्यावरून वळला.